बोलायचं माप, लिहायचं माप

शुद्धीवर आल्या आल्या कात्रीबाईंनी पांघरुणाखाली डावा हात सरकवला आणि नळी चाचपली. उजव्या काखेपाशी चाचपलं, बरगडीवर चाचपलं, मान वळवून खाटेच्या कडेला काही लोंबतंय का तेही पाहिलं. पट्टी होती, पट्टीखाली ठसठस होती. नळी नव्हती.

शेजारच्या खाटेवरच्या गणिताच्या बाईंना मात्र होती. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचंही ऑपरेशन हेच, एक दिवस आधी झालेलं. स्तनातली गाठ काढायची आणि काखेतल्या ग्रंथीही काढायच्या. त्यांच्या कुशीतून एक बारीक नळी निघून पिशवीत उतरली होती. पिशवीत फिकट गुलाबी पाणी साठायचं, आणि सकाळी सिस्टर येऊन ते मापाच्या भांड्यात ओतून आकडा लिहायची.

"ग्रंथी काढल्या की तिथे पाणी झिरपतं," गणिताच्या बाईंनी ऑपरेशनच्या आधीच समजावून ठेवलं होतं. "ते बाहेर काढावं लागतं. नाही काढलं तर साठतं. आता यावरून काय सिद्ध होतं?"

असं विचारायची त्यांना खोडच होती, आणि विचारून झालं की उत्तर येईपर्यंत त्या चष्म्यावरून बघत राहायच्या.

यावरून काय सिद्ध होतं ते कात्रीबाईंना आता बरोबर कळलं. आपली नळी घालायची विसरले.

"सिस्टर, माझी नळी?"

"आपल्याला नळी नाही," सिस्टर म्हणाली. "आपण आता छान झोपायचं."

"आपण म्हणजे कोण? तुम्हीपण झोपणार आहात का?"

सिस्टर हसली आणि उशी ठोकून गेली. हसली म्हणजे काहीतरी लपवतेय, हे कात्रीबाईंनी मनात टाचून ठेवलं.

संशय हा काही त्यांना ऑपरेशनमुळे जडलेला नव्हता. कापडाचा ठोक दुकानदार समोर मोजून द्यायचा, तरी आपल्या शिवणाच्या दुकानात आणून त्या ते पुन्हा मोजायच्या. "शुद्ध लोकर" म्हणून कोणी गठ्ठा आणला की कडेचा एक धागा ओढून काडेपेटीवर जाळायच्या. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, टोकाला गोळी झाली तर गठ्ठा परत. गिऱ्हाईक म्हणालं "काही घाई नाही", तर उद्याच दारात उभं राहणार हे धरून चालायच्या. घरी नवऱ्याने आपणहून भांडी घासली तर त्या आधी कपाटातले पेले मोजायच्या. नवरा गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा, स्वभावाने थंड. तो म्हणायचा, "हिला विमानात बसवलं तर ही आधी पायलटचं लायसन मागेल." कात्रीबाईंना यात विनोद कुठे आहे ते कळत नसे. मागू नये की काय?

दुसऱ्या दिवशी सर्जन फेरीवर आले. बोलणं असं, की वाक्याला धाप लागावी.

"नळी नाही घातली, बरोबर? कारण बघा, ग्रंथी काढल्यावर वरची त्वचा आणि खालचा स्नायू यांच्यात पोकळी राहते, बरोबर? पोकळी राहिली की पाणी साठतं. मग मी पोकळीच ठेवली नाही. त्वचेला आतून टाके घालून स्नायूवर शिवून टाकलं. पाण्याला जागाच नाही. बरोबर?"

"आणि ह्यांना?" कात्रीबाईंनी शेजारच्या खाटेकडे हनुवटी केली.

"त्यांची जखम मोठी, त्यांचं वेगळं. छान आहात तुम्ही." आणि ते पुढच्या खाटेवर पोहोचलेसुद्धा.

दुसऱ्या कुणाचं यावर समाधान झालं असतं. पण ही बाई तीस वर्षं कोट शिवत आली होती. कोटाच्या छातीला आतून कॅनव्हासचं जाड अस्तर टाचतात ते कशासाठी, हे तिला कोणी सांगायला नको होतं. टाके जवळ जवळ आणि सारख्या ताणाचे पडले तर छाती अंगाला धरून बसते. दोन टाके लांब पडले, की पहिल्याच धुण्यात तिथे फुगा धरतो. आणि हा माणूस काय म्हणाला? शिवून टाकलं. जो माणूस एका दमात अख्खं ऑपरेशन सांगतो तो टाके काय बेताने घालणार? त्यांना तो डोळ्यांपुढे दिसलाच. घड्याळाकडे बघत टाके टाकतोय, एक इथे, एक पार तिकडे, आणि मधे पाण्याला ऐसपैस अंगण.

त्यांना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण गाठ निघाली, तपासणीत तिच्या कडा स्वच्छ आल्या, पुढची औषधं ठरली, हे तिघातिघांनी येऊन सांगितलं होतं, आणि तिघांचा आकडा जुळला म्हणून तेवढ्यापुरता त्यांनी विश्वास ठेवला होता. आता भीती होती ती उजव्या हाताची. गल्लीने त्यांना कात्रीबाई हे नाव दिलं ते ज्या कात्रीवरून, ती कोपरापासून मनगटापर्यंत लांब, लोखंडी, आणि चार पदरी लोकर एका झोकात कापणारी. ती पेलायला खांदा लागतो. हात पाण्याने सुजून जड झाला तर कात्री गेली, आणि कात्री गेली तर दुकानात उरलं काय? एका हॉटेलाच्या दरवानांचे चौदा कोट शिवायचे कबूल केलेले, कापड येऊन पडलेलं. ते कापणार कोण? नणंद?

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, दुकानातली निम्मी भागीदार. कात्री तिच्या हातात कोणी देत नसे. तिचं काम गिऱ्हाइकाचं, मापाचं आणि बोलायचं. सगळं बोलणं "मी काही बोलत नाही, पण" इथून सुरू व्हायचं आणि मग पाऊण तास थांबायचं नाही.

या दोघींच्या दुकानात एक रीत होती, जी बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. फार पूर्वी एका कचेरीतल्या मोठ्या बाईंनी आपल्या कमरेचा खरा आकडा ऐकला आणि टेबलावरचं कापड उचलून त्या सरळ चालत्या झाल्या. त्या दिवसापासून नणंद माप घेताना आकडा एका इंचाने कमी सांगायची. "एकतीस," ती म्हणायची, आणि म्हणताना शेवटचं अक्षर मधात बुडवून काढायची. "बाई, वाळलात की हो तुम्ही." तिकडे वही घेऊन बसलेल्या कात्रीबाई मान वर न करता बत्तीस लिहायच्या. गिऱ्हाईक खूश, कपडा बेतशीर. हे बोलायचं माप आणि हे लिहायचं माप. इतक्या वर्षांत दोघींना एकमेकींकडे बघावंसुद्धा लागत नसे. मध ऐकू आला की एक इंच वाढवायचा.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर टेप घेऊन आली. कोपराच्या वर चार बोटं, तिथे दोन्ही दंडांचं माप घ्यायचं होतं.

"ही टेप ताणलेली आहे," कात्रीबाई म्हणाल्या आणि उशीखालून आपली काढली. "हिने घ्या."

"आपण टेप घेऊन आलो होतो?"

"आपण नाही. मी."

सिस्टरने दोन्ही दंड मोजले. उजवा अकरा इंच, डावाही अकराला जरा कमी. कार्डावर लिहिलं, सेंटिमीटरही लिहिले. आठवड्यातून एकदा दोन्ही हात मोजायचे, उजवा दोन सेंटिमीटरहून जास्त वाढला तर लगेच यायचं. जखमेपाशी मऊ फुगा आला, लाली आली, ताप आला तरी यायचं. आणि हात हलवायचा. पहिला आठवडा खांद्याच्या उंचीपर्यंत, मग भिंतीवर बोटं चढवत चढवत वर. तसं चित्रांचं एक पान दिलं. पानावरची बाई हसत हसत हात वर करत होती. हसतेय म्हणजे हिचं ऑपरेशन झालेलं नाही, कात्रीबाईंनी ओळखलं.

घरी नवऱ्याने भर घातली. बिचाऱ्याला वाटलं, आपण धीर देतोय.

"पाण्याचं कसं असतं," तो जेवताना म्हणाला, "एकीकडून वाट बंद केली तर ते दुसरीकडून निघतं. रेडिएटरचंही तसंच."

"दुसरीकडून म्हणजे कुठून?"

"म्हणजे... जिथे सापडेल तिथून." तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तुझं तसं नाही. मी गाडीचं बोलतोय."

पण बोलून गेला होता. नळी नाही, काखेत जागा नाही, मग पाणी उतरणार कुठे? शेजारचा हातच की. कात्रीबाईंना ते दिसायला लागलं. सकाळी अंगठी घट्ट वाटली. डाव्या हाताचीही वाटली, पण तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

आठवडाभर थांबायला त्या काही पानावरची बाई नव्हत्या. तिसऱ्याच दिवशी त्यांनी नणंदेला टेप दिली आणि वही मांडीवर घेतली.

"वन्सं, उजवा तेवढा मोजा. आणि खरं सांगा."

"मी काही बोलत नाही, पण तुला कधी खोटं सांगितलंय, वहिनी?" नणंद म्हणाली. तिने दंडाला अलगद टेप गुंडाळली. आजारी माणसाला लागू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होती. मग म्हणाली, "अकरा."

आणि शेवटचं अक्षर मधात बुडवलेलं.

हा आवाज कात्रीबाई ओळखत होत्या. कमरा पसरलेल्या बायकांना, पोट सुटलेल्या साहेबांना, सगळ्यांना हाच आवाज लावतात. आता मला लावला. म्हणजे आपण गिऱ्हाईक झालो.

मान वर न करता त्यांनी वहीत बारा लिहिलं आणि वही मिटून उशीखाली सरकवली.

खात्री करायला त्यांनी एकटीने माप घेऊन पाहिलं. एक टोक दातात धरलं, डाव्या हाताने वळसा घातला. टेप घसरली, तिरकी झाली, सैल पडली. आकडा आला पावणेबारा. दुसऱ्या कुणाची टेप अशी तिरकी पडली असती तर त्यांनी त्या माणसाला दुकानातून हाकललं असतं. पण भीतीला पावणेबारा पुरले.

त्या दिवसापासून त्यांनी उजवा हात हलवायचा बंद केला. हलवला की पाणी ढवळेल, ढवळलं की उतरेल, हा त्यांचा हिशेब. दुकानातलं चार बोटं रुंदीचं इलॅस्टिक मागवून, उशांच्या खोळी शिवायच्यात असं खोटं सांगून, ते त्यांनी दंडाला आणि छातीला मिळून घट्ट बांधलं आणि वरून सैल कपडा घातला. व्यायामाच्या वेळी दार लावून घ्यायच्या आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवर टकटक वाजवत बसायच्या.

"झाले का दहा?" नणंद बाहेरून.

"झाले."

"मी काही बोलत नाही, पण आज पटकन झाले."

"सवय झाली आता."

माप मात्र रोज. मापाआधी इलॅस्टिक सोडायचं, नंतर पुन्हा बांधायचं. नणंद रोज म्हणायची अकरा, आणि वहिनी रोज जास्त काळवंडते आहे हे बघून बिचारी रोज आणखी गोड म्हणायची. मध वाढला की कात्रीबाई आकडा वाढवायच्या. बारा, बारा, सव्वाबारा. एका दिवशी नणंदेने अकरा म्हणून वर गालावरून हात फिरवला, तेव्हा त्यांनी थेट साडेबारा लिहिले.

त्यात आठव्या दिवशी स्वयंपाकघरातून नणंदेचा आवाज आला. ती भावाला सांगत होती, दबक्या आवाजात. "वहिनीला आत्ता काही सांगू नको. आधीच ती अशी झालीय. बघू, काहीतरी करता येईल."

"पण कळणारच ना तिला."

"कळेल तेव्हा कळेल."

कात्रीबाई पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. आकडा माहीत आहे, हाताचं काय होणार तेही माहीत आहे. फक्त जिचा हात तिलाच बोलायचं माप.

नवव्या दिवशी सकाळी त्या स्वतः उठल्या, वही पिशवीत घातली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. आज मला त्या घाईवाल्याला भेटायचंय. वन्सं, तुम्हीही चला. तुम्ही तर पाहिजेच."

दवाखान्याच्या बाकावर गणिताच्या बाई बसलेल्या होत्या, मांडीवर पिशवी. पाणी कमी झालं होतं, आज त्यांची नळी काढायची होती. "सलग दोन दिवस तीस मिलीच्या खाली," त्यांनी अभिमानाने सांगितलं. कात्रीबाईंनी त्या पिशवीकडे बघितलं ते जरा हेव्याने. आपल्याला एवढा साधा आकडासुद्धा कुणी दाखवला नाही.

आत सिस्टरने माप घेतलं. कात्रीबाईंच्याच टेपने.

"अकरा. आपण छान आहोत की."

नणंद सिस्टरकडे बघून हसली. सिस्टर नणंदेकडे बघून हसली. झालं.

"तुमचं आधीच ठरलंय," कात्रीबाई म्हणाल्या. त्यांनी वही काढून टेबलावर टाकली. "बारा. सव्वाबारा. साडेबारा. हे माझ्या घरात रोज घेतलेलं माप आहे. मला गोड बोलू नका. हात चाललाय ना माझा? मग तसं सांगा. मी ऐकून घेईन."

"अगं," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हालाही माहीत आहे."

तेवढ्यात सर्जन "छान आहात ना, बरोबर?" म्हणतच खोलीत आले. कात्रीबाईंनी दार उघडून बाहेर हाक मारली.

"बाई, जरा आत या. तुम्ही यांच्या कुणाच्या नाही. तुम्ही मोजा."

गणिताच्या बाई नळीपिशवीसकट आत आल्या. काय चाललंय ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी टेपचं शून्य तपासलं. कोपरापासून चार बोटं कुणाची, असं विचारून सिस्टरचीच बोटं ठेवून घेतली. दंड एकदा मोजला, टेप काढली, पुन्हा मोजला, पुन्हा काढली, पुन्हा मोजला.

"अकरा. अकरा. अकरा. सरासरी अकरा." त्यांच्या आवाजात मधाचा थेंब नव्हता, फळ्यावर खडू वाजावा तसा तो वाजला. "डावा पावणेअकरा. कार्डावरही हेच आहे. आता यावरून काय सिद्ध होतं?"

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या.

नणंदेने वही उचलली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग तिच्या लक्षात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती "मी काही बोलत नाही" हे न म्हणता बोलली.

"तू अधिक करत होतीस."

"तुम्ही कमी सांगत होतात."

"मी अकराच सांगत होते. अकराच होतं."

"मग गोड का सांगत होतात? दुकानातल्यासारखं?"

"तू आजारी आहेस म्हणून," नणंद म्हणाली. "आजारी माणसाशी कसं बोलायचं? मला एकच गोड आवाज येतो, वहिनी. दुसरा कुठून आणू?" मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी रोज अकरा म्हणायचे आणि तू मला खोटारडी समजून रोज उशीखाली बारा ठेवून झोपायचीस?"

कात्रीबाईंची बोटं आपोआप टेप गुंडाळायला लागली, अर्धी गुंडाळून थांबली.

"आणि काल? स्वयंपाकघरात? 'वहिनीला सांगू नको' ते काय होतं?"

नणंदेने भावाकडे पाहिलं. भावाने खिडकीबाहेर पाहिलं.

"कोट कापला मी एक," नणंद पुटपुटली. "दरवानांचा. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही डाव्या."

सिस्टरला खोकला आला. सर्जन कार्डात डोकं घालून उभे राहिले. कात्रीबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे त्यांनाही ठरवता आलं नसतं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कापड उलटं घातलंत. दोन पदर पाठीला पाठ लावून कापायचे असतात, वन्सं. किती वेळा सांगितलं."

"तू होतीस तेव्हा मला लक्ष द्यावं लागत नव्हतं."

मग सर्जननी तपासलं. पट्टी काढली, काखेखाली बोटं दाबत दाबत फिरवली. "फुगा नाही, पाणी नाही, बरोबर? अगदी धरून बसलीय. आता हात वर करा."

हात वर जायला लागला. छातीपर्यंत आला आणि तिथे अडकला, जसं काही कोणी वरून धरून ठेवलंय. कात्रीबाईंनी जोर लावला. कपाळावर घाम आला, हात बोटभर सरकला नाही.

"व्यायाम करत होतात ना?"

"रोज करत होती," नणंद म्हणाली. "भिंतीवर आवाज ऐकायचे की मी."

"डाव्या हाताने," कात्रीबाई म्हणाल्या.

मग इलॅस्टिकचंही सांगावं लागलं. सिस्टरने दंडावरचा वळ पाहिला आणि यावेळी ती "आपण" म्हणाली नाही. "तुम्ही हे केलंत?"

सर्जन पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. बसल्यावर त्यांचं बोलणं निम्म्या वेगाने व्हायला लागलं. पाणी आलेलंच नव्हतं, ते म्हणाले. जे आलंय ते बांधून ठेवल्यामुळे आलंय, खांदा आखडलाय. आजपासून सुरुवात केली तर सुटेल, आणखी महिना बांधून ठेवला असता तर कठीण होतं. घट्ट बांधायचं काहीही नाही.

"मला एक सांगा," कात्रीबाई म्हणाल्या. "आतले टाके किती किती अंतरावर घातलेत?"

"दोन-तीन सेंटिमीटर."

"इंचात."

"एकेक इंच धरा."

"एका रेषेत, की आडवेतिडवे?"

सर्जननी बोटाने हवेत रेघा मारून दाखवल्या. "रांगांत. एका रांगेतले टाके दुसऱ्या रांगेच्या मधल्या जागेत."

"ताण?"

"त्वचा ओढली जाणार नाही एवढाच. जास्त ओढलं तर खळी पडते."

"पडते," कात्रीबाई म्हणाल्या. "किती वेळ लागला तेवढ्याला?"

"वीसेक मिनिटं जास्तीची."

वीस मिनिटं. त्यांनी मनातल्या मनात कोटाची छाती घेतली, वेळ लावून पाहिला. घाईचं काम नव्हतं. हे त्यांनी तोंडाने कबूल केलं नाही, फक्त खांदा त्यांच्या बाजूला वळवून बसल्या.

"पण संशय सोडू नका," सर्जन म्हणाले, आणि कात्रीबाईंनी चमकून वर पाहिलं. हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "हाताची सूज महिन्यांनी येऊ शकते, वर्षांनीही येऊ शकते, बरोबर? म्हणून दोन्ही हात मोजत राहा. त्या हाताला सुई टोचू देऊ नका, भाजू देऊ नका. अंगुस्तान घालता ना?"

"उजव्या हाताला घालते. डाव्याला सुई टोचते."

"चालेल. आणि वहीत जे ऐकाल ते लिहा."

त्या संध्याकाळपासून दिवाणखान्याच्या भिंतीपाशी दोघी उभ्या राहायला लागल्या. कात्रीबाईंनी उजव्या हाताची बोटं भिंतीवर ठेवायची, एकेक बोट वर चढवायचं, आणि जिथे अडेल तिथे नणंदेने खडूने रेघ मारायची. पहिल्या दिवशी रेघ विजेच्या बटणाच्याही खाली आली.

"थांबा, दुखतंय."

"मी काही बोलत नाही, पण सातच झाले."

"नऊ झाले."

"सात. मी मोजतेय."

"तुम्ही मोजताय म्हणूनच विचारते."

"तर मग तू मोज आणि मी दुखवून घेते." आणि नणंद कोपराखाली तळवा लावून बोटभर वर ढकलायची. कात्रीबाई तिच्या माहेराचा उद्धार करायच्या. ते माहेर म्हणजे कात्रीबाईंचं सासर, तेव्हा नवरा पेपर घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायचा.

गोड आवाज मात्र नणंदेने बंद केला. दर आठवड्याला दंड मोजताना ती आकडा असा ओरडायची, की गल्लीतल्या लाँड्रीवाल्याने एकदा विचारलं, तुमच्याकडे लिलाव चालतो का.

रेघ बटणाच्या वर गेली, मग कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली. तिथे आठ दिवस अडून बसली. त्या आठ दिवसांत कात्रीबाईंचा सर्जनवर, सिस्टरवर, व्यायामाच्या पानावर आणि भिंतीच्या उंचीवर एकामागून एक संशय येऊन गेला. नवव्या दिवशी बोटं खिळ्याला डावलून वर गेली आणि दंड कानाला लागला. त्यांनी आरशात जाऊन खात्री केली. मग दुसऱ्या आरशात केली.

हॉटेलाच्या व्यवस्थापकाने मुदत वाढवून दिली होती. इतक्या सहज का दिली, यावर त्या दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या, सगळं कापड नणंदेसमोर पुन्हा मोजलं, जेवढं वाया गेलं तेवढं कमी भरलं, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. एका कोटाचं कापड पाठीला पाठ लावून पसरलं, खडूने रेघा मारल्या, अंगुस्तान घातलेल्या बोटाने कडा दाबल्या. कात्री उचलली.

पहिल्या झोकाला खांद्यातून कळ निघाली. त्या थांबल्या, नणंदेकडे न बघता दोन श्वास घेतले आणि हात पुन्हा लांबवला. कात्री गेली. मानेपासून खालपर्यंत गेली, वळणावर जरा हळू झाली, पण गेली.

"जमतंय?" नणंद दारातून म्हणाली.

"तुकडे मोजा," कात्रीबाई म्हणाल्या. "एक डावी बाही, एक उजवी बाही. आणि मोठ्याने सांगा."